न्यूयॉर्क, मार्गे चाकण

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असं कुठल्याही शहाण्या माणसाला विचारलं तर तो सांगतो: साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमान असेल तर सोळा तास. हाच प्रश्न जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या एसटी स्टँडवर विचारून बघावा. तिथं उत्तर मिळत नाही, उलट तीन प्रश्न मिळतात. "निघायचंय कवा?" "माळशेजनं का चाकणनं?" आणि तिसरा, सगळ्यात खोल: "मुक्कामी का माघारी?" शहरातला माणूस पहिल्या दोन प्रश्नांना हसतो आणि तिसऱ्याला शेजारच्याला टाळी देतो. पण माझं म्हणणं असं आहे की विमानप्रवासाचं सगळं शास्त्र या तीन प्रश्नांतच आहे आणि साडेबारा हजार किलोमीटर ही निव्वळ सांगोवांगीची गोष्ट आहे. दोन विमानतळांमधलं अंतर हे प्रवासाचं अंतर नसतंच. ते फार तर विमानाचं अंतर असतं. आपण विमान नव्हे. आपण म्हणजे दोन बॅगा, एक पिशवी, पिशवीत ठेवलेली दुसरी रिकामी पिशवी आणि सोडायला आलेली अकरा माणसं. लग्न किती वेळ चालतं, या प्रश्नाला "मंगलाष्टकं संपेपर्यंत" असं उत्तर द्यावं तसं हे विमानतळ ते विमानतळ अंतर सांगणं आहे. मंगलाष्टकं दहा मिनिटांत उरकतात हे खरंच आहे. पण मांडव, मानपान, रुसलेले मामा आणि साडेतीनला बसलेली पंगत हे ज्याच्या हिशेबात नाही तो एक तर भटजी असतो, नाही तर विमान कंपनी.

वास्तविक विमानांच्या बाबतीत ओतूर फार नशीबवान गाव आहे. नकाशा घ्या आणि पट्टी लावा. पुण्याचं लोहगाव सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, नाशिकचं ओझर नव्वदीच्या घरात, नवी मुंबईचं नवं विमानतळ शंभराच्या आगेमागे, मुंबईचं जुनं विमानतळ एकशे पंधरा-वीस. आणि सगळ्यात जवळ कोण, तर शिर्डीचं, काकडी गावातलं, १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालेलं. पट्टीनं मोजलं तर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. एका गावाभोवती पाच-पाच विमानतळं! कोणालाही वाटेल की इथल्या माणसानं अंगणात उभं राहून हात केला तरी विमान थांबेल. अडचण एवढीच की पट्टी जिथून जाते तिथं सह्याद्री आहे, धरणांचं पाणी आहे आणि चाकणची औद्योगिक वसाहत आहे. विमानाला यातलं काहीच आडवं येत नाही, एसटीला सगळंच येतं. ताशी नऊशे किलोमीटरनं जाणाऱ्या विमानाला ओतूर ते मुंबई आठ मिनिटं पुरतील. जीपला चार तास लागतात, पाच धरावेत, आणि श्रावणी सोमवारी धरूच नयेत. त्या दिवशी कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी बघायला लोटलेल्या गर्दीत जीप गावातून बाहेर पडली, हाच प्रवास समजावा.

त्यातच ओझरचा घोळ आहे. जुन्नर तालुक्यात ओझर म्हणजे विघ्नेश्वर, अष्टविनायकांतला एक. दुसरं ओझर असू शकतं ही कल्पनाच इथं कोणाला मान्य नाही. "विमान पकडायचंय, ओझरला घ्या," असं जीपवाल्याला सांगितलं तर तो एक शब्द न विचारता गाडी देवळाच्या दारात उभी करील. "अहो, इथून कुठं विमान सुटतं?" असं विचारलं तर म्हणेल, "नारळ फोडा, सुटंल." दुसरं ओझर निफाड तालुक्यात. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग आणि सुखोई जातीची लढाऊ विमानं तयार झाली. एका ओझरात विमानं बनतात, दुसऱ्यात विघ्नं टळतात, आणि ओतूर ते विमानतळ हा रस्ता पाहता दुसऱ्या ओझरची गरज पहिल्याच्या आधी लागते. जीपवाला चुकला असं मी तरी म्हणणार नाही.

आता भक्कम पुरावा. समजा, ओतूरच्या माणसाला कोलकात्याला जायचंय आणि तिकीट मुंबईहून आहे. तो पहाटे निघतो, माळशेज उतरतो, मुरबाडला चहा पितो, कल्याणला अडकतो आणि पाच तासांनी, पश्चिमेला दीडशे किलोमीटर जाऊन, विमानतळावर पोचतो. कोलकाता पूर्वेला आहे हे त्याला शाळेपासून माहीत असतं, पण तिकीट काढल्यावर माणूस भूगोल काढत नाही. विमानतळावर आणखी दोन तास जातात, कमरेचा पट्टा काढून, बूट काढून, दोन्ही हात वर करून तपासणी होते. मग विमान उडतं. नकाशावर मुंबई-कोलकाता रेघ ओढली तर ती ओतूरच्या उशाशीच, चार-पाच कोसांवरून जाते. म्हणजे सात तास आणि काही हजार रुपये खर्च करून हा माणूस पाव तासात पुन्हा जवळजवळ आपल्याच कौलांवर येऊन पोचलेला असतो. खाली म्हैस त्याच दाव्याला, त्याच गव्हाणीपाशी. या क्षणी कोणी विचारलं की "बाबा, सात तासांत अंतर कापलंस किती?" तर प्रामाणिक उत्तर शून्य असं आहे. विमानाच्या पडद्यावर मात्र तेव्हा ताशी शेकडो किलोमीटरचा वेग झळकत असतो आणि तो खोटाही नसतो. वेग खरा आणि प्रवास शून्य, हे कोडं सोडवायला पदार्थविज्ञान लागत नाही, कल्याणचा चौक लागतो.

रस्त्यांचं हे दुखणं आजचं नाही. सातवाहनांच्या काळात, दोनेक हजार वर्षांपूर्वी, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल नाणेघाटानं जुन्नरला येई. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून तिथंच आहे. व्यापाऱ्याचा बैल तिथं थांबे, आपली मोटार टोलनाक्यावर थांबते. मधल्या काळात फास्टॅग आला, फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचाही झाला, आता थांबायचं कारण उरलं नाही. तरी नाका दिसला की थांबायचं, ही दोन हजार वर्षांची सवय मोडवत नाही. बैलाला निदान थांबल्यावर पेंढी मिळत असेल.

पण नुसता रस्त्याला दोष देणं अन्यायाचं होईल. खरी खोट 'निघणे' या क्रियापदात आहे. मराठीत 'निघालो' हे रूप भूतकाळाचं असलं तरी अर्थ भविष्यकाळाचा आहे. "निघालोच" म्हणणारा माणूस बहुधा टॉवेल शोधत असतो. विमानाच्या बाबतीत मात्र हीच माणसं उलट्या टोकाला जातात. विमान रात्री दोनला. तीन तास आधी पोचायला सांगतात, म्हणजे अकरा. रस्त्याचे पाच तास, म्हणजे संध्याकाळचे सहा. "घाटात दरड पडली मंजी?" म्हणून चार. "एवढं लवकर निघतोच आहोत, तर टिटवाळ्याचा गणपती वाटेतच आहे," म्हणून एक. उपाशी पोटी निघायचं नाही, म्हणून अकरालाच पानं वाढायची. त्याआधी गावातल्या देवांना सांगून जायला हवं: कपर्दिकेश्वर झाला, तुकोबांचे गुरू मानले जातात त्या बाबाजी चैतन्यांची समाधी झाली, म्हणजे सकाळचे आठ. आता सकाळी आठपासून रात्री दोनपर्यंत मोजा: अठरा तास. विमान जमिनीवरून चाक उचलायच्या आधीच आपण न्यूयॉर्कच्या प्रवासापेक्षा दोन तास जास्त प्रवास केलेला आहे. याला कोणी अज्ञान म्हणेल. मला ती रास्त खबरदारी वाटते, कारण एसटी चुकली तर तासाभरानं दुसरी येते आणि विमान चुकलं तर मेहुणे वर्षभर विषय काढतात.

बॅगेचं वजन हा याच अठरा तासांतला एक स्वतंत्र अध्याय. अमेरिकेला जाताना बहुधा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात. ज्या गावानं आयुष्यभर कांद्याची पोती काट्यावर टाकली, त्याला तेवीस किलो म्हणजे किती हे शिकवायची गरज नाही. बॅग कांद्याच्या काट्यावर चढते, काटा पावणेचोवीस दाखवतो आणि घरात विधिमंडळ भरतं. काय काढायचं? कुरडया, पापड, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला यांना हात लावायचा नाही. "स्वेटर काढ. तिकडं काय स्वेटर मिळत नसतील?" हा युक्तिवाद बिनतोड आहे, कारण तिकडं स्वेटर खरंच मिळतो आणि ओतूरची कुरडई खरंच मिळत नाही. जानेवारीत न्यूयॉर्कला उतरून कुडकुडणारी कितीतरी मराठी मुलं दिसतात, त्यांना गरिबीनं नव्हे, कुरडईनं तिथं आणलेलं असतं. त्यातून सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं, म्हणून विमानात चालत नाही. हे काउंटरवर कळतं. मग बॅग तिथंच फरशीवर उघडते आणि अठरा तास जपलेली घडी अठरा सेकंदांत मोडते. सोडायला आलेल्या अकरा जणांना आत येऊ देत नाहीत, ते काचेबाहेरून खुणांनी सल्ले देतात. खोबऱ्याच्या वाट्या परत जीपमधून माळशेज चढतात. त्यांचा प्रवास मोजला तर तीनशे किलोमीटर भरतो, आणि 'मुक्कामी का माघारी' या प्रश्नाचं नेमकं उत्तर त्या दिवशी फक्त त्यांनीच दिलेलं असतं.

या सगळ्याची बेरीज केली की एक नियम हाती लागतो. प्रस्तुत लेखकाचं गणित बेतास बात, पण भागाकार येतो. ओतूर ते न्यूयॉर्क: आधीचे अठरा तास, हवेतले सोळा, तिकडच्या शिक्क्यापुढच्या रांगेचे दोन, एकूण छत्तीस तासांत पावणेतेरा हजार किलोमीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे. ओतूर ते दिल्ली, देवदर्शन वगळून: तेरा तासांत तेराशे किलोमीटर, ताशी शंभर. ओतूर ते नागपूर, पुण्याहून विमानानं: रस्ता, वाट बघणं, उडणं, उतरणं, बॅग येणं मिळून आठ तास. आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पुरा झाल्यापासून ओतूरहून संगमनेर-शिर्डी करत मोटारीनं नागपूर गाठायलाही साधारण आठच तास लागतात. सामना बरोबरीत सुटतो, फक्त मोटारीत कोणी बूट काढायला लावत नाही. निष्कर्ष असा की विमान तेच, वैमानिक तोच, पण जवळ जायचं तर ते हळू जातं आणि लांब जायचं तर वेगानं. ओतूरच्या माणसानं विमानाचा पुरता मोबदला वसूल करायचा असेल तर त्यानं पृथ्वीच्या पार पलीकडच्या टोकाला गेलं पाहिजे. बरीच मुलं गेलीही आहेत, ती यासाठीच असावीत.

यावर भूगोलाचे मास्तर आक्षेप घेतील. "तास तुमच्या आळसावर अवलंबून आहेत, पण किलोमीटर तर पक्के आहेत ना?" नाहीत. ओतूरचा एक कांदा घ्या. त्याच्या मुळापासून शेंड्यापर्यंत ज्या उभ्या रेषा जातात ती रेखावृत्तं समजा. फुगीर भागाच्या वर, समोरासमोरच्या दोन बाजूंना एकेक टाचणी टोचा आणि दोन्हींत दोरा ताणून धरा. दोरा आडवा राहत नाही, शेंड्याकडे सरकतो. तीच सगळ्यात जवळची वाट. म्हणून मुंबईहून अमेरिकेला जाणारं विमान पश्चिमेला नाक करून न जाता उत्तरेकडे चढतं आणि पडद्यावर वाकडी रेघ बघून आपला माणूस शेजाऱ्याला म्हणतो, "लांबनं नेतोय." जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या केवळ महिला वैमानिकांच्या तुकडीनं सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणलं ते उत्तर ध्रुवाच्या बाजूनं, सुमारे चौदा हजार किलोमीटर. वाटेत एकही गाव नाही, एकही थांबा नाही. एसटीच्या कुठल्याही वाहकाला असली फेरी पटणार नाही. बरं, ही कांद्यावरची वाटही कायमची नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आभाळ बंद केलं आणि पश्चिमेला जाणाऱ्यांना वळसे पडू लागले. न्यूयॉर्क जागचं हललं नाही, मुंबई हलली नाही, अंतर मात्र वाढलं. वाऱ्याचंही तेच. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा मोठा झोत वाहतो, त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. फेब्रुवारी २०२० च्या वादळात ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, वेळापत्रकापेक्षा तास-दीड तास आधी. तर मास्तर, पक्के किलोमीटर ते हेच का? वारा, शेजाऱ्याशी भांडण आणि वाकडी वाट यांवर अंतर ठरत असेल, तर आभाळात आणि आपल्या बांधावर फरक तो काय राहिला?

दुसरा आक्षेप घड्याळवाल्यांचा. त्यांना घराघरांतल्या आजोबांचा हिशेब हास्यास्पद वाटतो. हिशेब असा: "रात्री दोनला इमान सुटलं, सकाळी साडेआठला पोरगं पोचलं. साडेसहा तास. आन् येताना? दुपारी बाराला निघालं, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला हितं. चोवीस तास! येताना कुठंतरी थांबतंय पोरगं." नातू समजावतो, की उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं, खरं तर जाताना सोळा आणि येताना साडेचौदा तास लागतात. आजोबा ऐकत नाहीत, आणि ऐकायचं कारणही नाही. साडेसहा आणि चोवीस यांची बेरीज करा: साडेतीस. सोळा आणि साडेचौदा यांची करा: साडेतीस. दोन घड्याळांचा घोळ जाताना जेवढा खातो तेवढाच येताना परत करतो, त्यामुळे जाऊन-येऊनचा हिशेब आजोबांचा तंतोतंत बरोबर आहे. चूक फक्त एकेरी तिकीट काढणाऱ्यांची होते. स्टँडवर आधी "मुक्कामी का माघारी" असं विचारतात ते उगीच नाही. याच आजोबांची एक आणखी सूचना असते: पृथ्वी फिरतेच आहे तर विमान नुसतं वर जाऊन थांबेल, अमेरिका आपोआप खाली येईल, तिथं उतरावं. हे मात्र जमत नाही, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते, जशी धावत्या एसटीत माशी एसटीबरोबरच जाते. पण या सूचनेतून एक विलक्षण गोष्ट निघते. ओतूरच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगानं फिरते. म्हणजे स्टँडवर बाकावर बसून एसटीची वाट बघणारा माणूस आभाळातल्या कोणत्याही प्रवासी विमानापेक्षा वेगानं चाललेला असतो. फक्त पुण्याकडे नव्हे.

तिसरे म्हणतील, विमान कंपन्या निदान वेळ तरी खरी सांगतात. इथंच तर गंमत आहे. मुंबई-दिल्ली हे साडेअकराशे किलोमीटर हवेत दीड-पावणेदोन तासांत होण्यासारखं, वेळापत्रकात मात्र सव्वादोन तास लिहितात. धावपट्टीवरची रांग, दिल्लीवरच्या घिरट्या हे सगळं त्यात आधीच धरलेलं असतं, आणि यातलं काही झालं नाही तर "आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो आहोत" अशी घोषणा होते आणि लोक खूष होतात. ही युक्ती साता समुद्रापलीकडून आलेली नाही. सहाच्या कार्यक्रमाला "पाचला या" असं पत्रिकेत छापणाऱ्या प्रत्येक मराठी यजमानाला ती ठाऊक आहे. रस्त्यावरचा माणूस हीच थाप उलटी मारतो. "कुठवर आलास?" या प्रश्नाला तो जिथं आहे तिथलं नाव कधीच सांगत नाही, पुढचं सांगतो. चाकणला चेपलेला असेल तर "खेड सोडलं," खेडला असेल तर "मंचर आलं," आणि नारायणगावात भेळ खात असेल तर "हा काय, वेशीत शिरतोय." हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे घरातली बाई ऐकलेल्या गावातून एक गाव वजा करते आणि मगच भाकरी थापायला घेते. अचूकतेच्या बाबतीत ही पद्धत मोबाईलवरच्या नकाशापेक्षा सरस आहे. नकाशाला चाकणची कोंडी लाल रेषेत दिसते, पण पुढच्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या आणि त्या ट्रॅक्टरवाल्याचा स्वभाव दिसत नाही.

राहिला आशावाद्यांचा आक्षेप, की नवे विमानतळ झाले, रेल्वे झाली, की हे रडगाणं संपेल. पुण्याचं नवं विमानतळ एके काळी चाकण-खेडच्या बाजूला व्हायचं घाटत होतं. झालं असतं तर ओतूरला ते अगदी अंगणात आलं असतं. वर्षानुवर्षं मोजण्या झाल्या, डोंगर आडवे आले, जमिनीवरून वाद झाले आणि २०१६ मध्ये ते पुरंदरला न्यायचं ठरलं. म्हणजे विमान न उडता विमानतळच उडून पुण्याच्या पलीकडे गेलं. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, त्यामुळे आता घरात नवा वाद सुरू होईल, की उजवीकडे वळायचं की सरळ जायचं, आणि चुकीच्या विमानतळावर वेळेवर पोचण्याची सोयही झाली. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे २३५ किलोमीटरची, पावणेदोन तासांची, नारायणगाव-आळेफाट्याकडून जायची होती. पण खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, आगगाडीच्या विजेनं तिच्या कामात व्यत्यय येईल, म्हणून हा मार्ग मागं पडला आणि गाडी नगर-शिर्डीकडे वळवायचं ठरलं. दुर्बिणीबद्दल मला पुरता आदर आहे. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं की तिनं एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा जवळपास ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला संकेत टिपला. एवढा लांबचा पाहुणा जुन्नर तालुक्यात बरोब्बर पोचला याचा अभिमान वाटतो. तो वरून आला, चाकणनं आला नाही, हेही लक्षात घेतलं पाहिजे.

"पण ओतूरला विमान लागतं कशाला?" असं विचारणारा एक तरी महाभाग प्रत्येक चर्चेत असतो. त्यानं बाजार समितीत एक चक्कर मारावी. इथल्या भागाचा कांदा दुबईला जातो, मलेशियाला जातो, त्याच्या मालकानं पाहिलेले नसतील एवढे देश त्यानं पाहिलेले असतात. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली आणि कांद्याचा पासपोर्ट जप्त झाला, तो मे २०२४ मध्ये परत मिळाला. तोवर दुबईचं अंतर किती होतं हे कुठल्याही नकाशात बघून कळलं नसतं. मालकाचंही तसंच. त्याची मुलगी न्यू जर्सीत, पुतण्या शारजात, भाचा पुण्यात, आणि यात भेटायला सगळ्यात अवघड भाचा, कारण तो चाकणच्या पलीकडे राहतो.

तेव्हा यंदा तिकीट काढताना त्यावर छापलेले तास बघू नका. ते विमानासाठी आहेत. आपले तास वेगळे मांडा. सकाळी आठला देवदर्शन, अकराला जेवण, खोबरं घरीच ठेवायचं, स्वेटर न्यायचा, जीपवाल्याला "निफाडचं ओझर" असं पूर्ण सांगायचं. आणि माळशेजमध्ये धुकं उतरलं की भाजलेल्या कणसासाठी गाडी थांबणार आहे. ती वीस मिनिटं आत्ताच धरून ठेवा.